कृष्णदेवचा ठेका

सातासमुद्रापारच्या बेटावर, व्हाकोआ गावातल्या एका बस-गॅरेजात चंद्रमोहन मुकादम होता, आणि गणपती जवळ आले की तिथल्या मराठी माणसांच्या झाकरी नाचाचाही तोच मुकादम. दोन्हीकडे त्याचा आवाज सारखाच चढा. ब्रेक बसवणारा कृष्णदेव त्याचा दोन्हीकडचा लाडका. त्या पोराच्या हातात पाना जसा शोभायचा, तसाच मृदंग.

पण शहाऐंशी साली पोराचं काहीतरी बिनसलं. उन्हाळाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट, घडीघडी संडासाकडे धाव, परतला की डोळे अर्धवट मिटलेले. चंद्रमोहनने विचारलं की म्हणायचा, "झोप नाय झाली, काका." चंद्रमोहनला ते पटायचं, कारण त्याला ते पटवूनच घ्यायचं होतं.

एका रविवारी बैठकेत, म्हणजे गावच्या समाजघरात, झाकरीची तालीम होती. पोरं गोल धरून नाचत होती, मधोमध कृष्णदेव मृदंगावर. ठेका घसरला. चंद्रमोहन ओरडणार, तोच त्याने पाहिलं, सगळ्यांनी आपली पावलं त्या घसरलेल्या ठेक्यावर वळवून घेतली. ठेका पुन्हा घसरला, पावलं पुन्हा वळली. बाहेरच्याला वाटावं, काय झकास नाचतात! चंद्रमोहन ओरडायचं विसरला. गॅरेजातही हेच चाललं असलं तर?

सोमवारी त्याने मेकॅनिक यशपालला बाजूला घेतलं. यशपालने खाली मान घालून सांगून टाकलं. कृष्णदेव ब्राऊन शुगर ओढतो, टोचूनही घेतो. त्याने बसवलेले ब्रेक मागाहून आम्हीच गुपचूप आवळतो. "घरात एकटी आई हाय त्याची, काका. आमाला दया आली."

"ही दया? त्या बसमधून आपलीच माणसं जातात! आणि तो पोरगा मरायला लागलाय, तुमी नट आवळताय!" चंद्रमोहनला रडू येत होतं, म्हणून तो जास्तच ओरडला.

कृष्णदेवला त्याने कचेरीत बोलावलं, तेव्हा मात्र आवाज खाली आला. "आजपासून ब्रेकला हात लावायचा नाय. तुझं झाकणारा पन आता कोन नाय. डॉक्टरकडे मी येतो तुझ्यासंगं. बरा झालास की तुझी जागा तुझी. नाय आलास, तर मीच काढीन तुला."

"मो पा मालाद," कृष्णदेव बेटावरच्या क्रिओल बोलीत पुटपुटला, मी आजारी नाही.

चंद्रमोहनने त्याचे थरथरते हात धरले. "मग हे काय हाय?"

कृष्णदेवचा बांध फुटला.

गॅरेजच्या साहेबाला कृष्णदेवला काढूनच टाकायचं होतं. चंद्रमोहनने टेबलासमोर असं ठाण मांडलं की शेवटी साहेबाने कंटाळून रजा दिली. इस्पितळ झालं, पोरगा पुन्हा घसरला, पुन्हा इस्पितळ झालं. दोन्ही वेळा यशपाल डबा घेऊन गेला. त्या गणपतीत झाकरी नुसत्या टाळांवर नाचली, पण चंद्रमोहनने दुसरा वादक बसवला नाही.

पुढच्या गणपतीला कृष्णदेव मधोमध बसला, व्हाकोआला गणपतीत गारठा असतो तरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. सकाळीच त्याने ब्रेक बसवलेली बस नेहमीची तपासणी होऊन रस्त्याला लागली होती, आणि यशपालला पाना उचलावा लागला नव्हता. मृदंग असा घुमला की चंद्रमोहनला राहवेना, तो स्वतःच गोलात उतरला. वय झालेलं, दम लागला, एक पाऊल मागे पडलं. आता कृष्णदेव ठेका वळवून आपल्याला सांभाळून घेईल, असं त्याला वाटलं.

कृष्णदेवने मृदंगावर थाप मारून सगळ्यांना थांबवलं. "काका, पाय चुकला. पहिल्यापासून!"

अख्खी बैठक हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला चंद्रमोहन, आणि डोळे पुसत पहिल्या पावलावर जाऊन उभा राहिला.