कडेची बाजू

माझ्या मुलीने दिवे बदलायला सांगितले नव्हते. तलावाच्या बांधावर एक काळी म्हैस रस्त्यात बसली होती आणि ती पंधरा पावलांवर पोचल्यावरच आपल्याला दिसली, एवढेच तिने जेवताना सांगितले, तेही हसत. पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात ती रक्ततपासणीचे काम करते. संध्याकाळी सहाला निघते, आणि बांध ओलांडायच्या आतच अंधारून येते. बांध दीड किलोमीटर लांब आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीस-बावीस फुटांचा उतार, मध्ये दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा रस्ता. ती हसली आणि मला तो उतार दिसला.

भीतीवर मला एकच उपाय ठाऊक आहे: मोजणे. मी मापनयंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वीस वर्षे काम करतो. दुसऱ्याच दिवशी प्रकाशमापक घरी आणून तिच्या गाडीचे हेडलाइट मोजले. पुढची काच पिवळी पडलेली, आतला आरसा काळवंडलेला; नव्या दिव्याच्या निम्माही प्रकाश रस्त्यावर पोचत नव्हता. आकडा हातात आला की मला धीर येतो. तसा तो आला.

बायकोचा धाकटा भाऊ गाड्या दुरुस्त करतो. मुलीचा मामा म्हणून सगळे गिऱ्हाईकही त्याला मामाच म्हणते. त्याचे म्हणणे पडले, की जुने दिवे पुसत बसण्यापेक्षा आत एचआयडी प्रोजेक्टर बसवावेत. त्यात तार तापत नाही. वायू भरलेल्या इवल्याशा नळीत विजेची ठिणगी जळत राहते आणि पुढचे जाड भिंग तो प्रकाश रस्त्यावर फेकते. प्रकाशाच्या वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखी रेघ असते. रेघेच्या खाली उजेड, वर काळोख. रस्त्याच्या कडेच्या बाजूला मात्र ती रेघ वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस लांबून दिसतो. आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला ती खालीच राहते, म्हणजे त्याचे डोळे शाबूत राहतात.

"दोन जोड्या मिळाल्यात भंगारात," मामा म्हणाला. "एक आपल्याकडची. दुसरी परदेशी, जिथे गाड्या उलट्या बाजूने चालतात. पण भंगारवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात कोंबल्या. बाहेरून जुळी भावंडं. मी सांगतो, भिंतीवर टाकून बघू, कुठली कुठे चढते ते."

"भिंत?" मी त्याच्या गॅरेजच्या भिंतीकडे पाहिले. तेलाचे डाग, खिळे, तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर. "हिच्यावर अर्ध्या अंशाचा फरक कळेल तुला? मी आणतो काहीतरी."

आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा झोत दुधी काचेवर घेतात आणि काचेच्या पलीकडे उभे राहून पाहतात. पाहणाऱ्याची सावली पडत नाही, रेघ स्वच्छ उमटते. तशी हातभर रुंदीची काच मी आणली, गॅरेजच्या मधोमध उभी केली, एका अंगाला प्रोजेक्टर चिमट्यात धरला आणि दुसऱ्या अंगाला मी उभा राहिलो. मामाने वीज दिली. टचकन आवाज झाला, निळसर उजेड थरथरला आणि पांढरा होऊन स्थिरावला. रेघ इतकी सुबक होती, की मला क्षणभर आनंद झाला. ती माझ्या डाव्या हाताला वर चढत होती, म्हणजे आपल्याकडच्या रस्त्याच्या कडेला; तिथे मी मेणाच्या पेन्सिलीने बाण काढून लिहिले: कड. दुसऱ्या जोडीची रेघ विरुद्ध बाजूला चढली.

"ही पहिली आपली," मी म्हणालो. "ती दुसरी परदेशी."

"एकदा भिंतीवर..."

"मामा, थर्मामीटर असताना कपाळाला हात लावून ताप बघतोस का?"

"बघतो," तो म्हणाला. "थर्मामीटरला ताप आला तर कळत नाही." पण त्याने ऐकले. घरात सगळ्यांत जास्त शिकलेला मी, त्यामुळे माझे सगळे ऐकतात.

हेडलाइटची काच काळ्या डिंकाने चिकटवलेली असते. तो ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. त्यासाठी घरचा ओव्हन वापरला. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"गाडीचे डोळे भाजताय माझ्या ओव्हनमध्ये," ती म्हणाली. "चपला बाहेर काढता तसं ते डोकंही बाहेर काढून येत जा कधीतरी."

"पोरीसाठीच चाललंय."

"म्हणून तर काही बोलत नाही."

रविवारी दिवे बसले. रेघेची उंची मी प्रकाशमापकाने मिलिमीटरपर्यंत जुळवली. तिन्हीसांजेला मी आणि मामा गावाबाहेर फेरी मारून आलो. रस्ता दुधासारखा उजळला होता. समोरून तीन गाड्या आल्या आणि तिन्ही गाड्यांनी आमच्याकडे दिव्यांची उघडझाप केली.

"भाऊजी, तिघांनाही एकदम वेड लागलं का?"

"पांढऱ्या प्रकाशाची सवय नसते लोकांना. आणि तीन हा नमुना फार लहान आहे."

"तीनपैकी तीन."

"तरी लहान."

मी उतरून उंचीचा स्क्रू अर्धा फेरा खाली घेतला. कडेची झुडपे माझ्या अपेक्षेपेक्षा अंधारात होती, हेही मी पाहिले. ती दाट आणि काळपट पानांची आहेत, प्रकाश परत फेकत नाहीत, असे स्पष्टीकरण मी स्वतःला दिले. स्पष्टीकरण शास्त्रीय होते.

सोमवारी सकाळी मुलगी गाडी घेऊन गेली. जाताना मी तिच्याकडून जुनेच वचन पुन्हा घेतले: गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, तो खणात टाकायचा.

"हो हो, बाबा. देवाच्या नावाने नाही, तुमच्या नावाने शपथ. चालेल?"

संध्याकाळी कामावरून परतताना मी काच न्यायला गॅरेजमध्ये थांबलो. ती होती तिथेच मधोमध उभी होती. चिमटा होता त्या जागी आता कुणाची तरी निळी गाडी लावलेली होती, तोंड काचेकडे करून. मामा गाडीच्या चाकापाशी बसला होता.

"तुमची अक्षरं पुसू का?" तो उठत म्हणाला आणि काचेपाशी येऊन थांबला. काचेकडे पाहिले, मग गाडीकडे. "भाऊजी, हा बाण ड्रायव्हरच्या बाजूला दाखवतोय."

"असेल."

"असेल काय? वर 'कड' लिहिलंय तुम्ही. ड्रायव्हर कधीपासून कडेला बसायला लागला?"

ड्रायव्हर कडेला बसत नाही. तो रस्त्याच्या मधल्या अंगाला बसतो, समोरून येणाऱ्यांच्या अंगाला. जगात जिथे जिथे रस्ते आहेत तिथे बहुतेक असेच आहे. मी काचेच्या मागे, जिथे रविवारच्या आधी उभा होतो तिथे, जाऊन उभा राहिलो. गाडीचे तोंड माझ्याकडे होते. माझे आणि तिचे डावे-उजवे हात एकमेकांच्या उलट होते, आरशासमोर नव्हे तर माणसासमोर उभे राहिल्यावर असतात तसे. वीस वर्षांत मी काचेमागून तपासलेले सगळे झोत गोल होते. गोलाला डावे-उजवे नसते.

म्हणजे मी आपली जोडी पोत्यात परत टाकली होती, आणि परदेशी जोडी पोरीच्या गाडीत. ती जोडी कडेला काळोख ठेवत होती आणि उजेडाचा चढता भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घालत होती. तीनपैकी तीन.

सहा वाजून आठ मिनिटे झाली होती. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खणात वाजत असलेला तो फोन मला डोळ्यांसमोर दिसत होता. दवाखान्यात लावला, तर पहारेकरी म्हणाला, "ताई? गेल्या की. दहा मिनिटं झाली."

"बस गाडीत," मामा म्हणाला. मला तो 'तू' कधीच म्हणत नाही.

त्याच्या पिकअपचे दिवे मळके आणि पिवळे आहेत. मी डॅशबोर्ड धरून बसलो आणि आकडे करू लागलो, कारण दुसरे काही येत नव्हते. डोळ्यांवर असा झोत आल्यावर नीट दिसू लागायला काही सेकंद लागतात. पाच धरा. ताशी पन्नासच्या वेगाने पाच सेकंदांत माणूस सुमारे सत्तर मीटर जातो. बांधावर कडेला दहा-दहा पावलांवर एकेक ठेंगणा दगड आहे, बाकी काही नाही. आंधळा झालेला माणूस कुठे वळेल? पाण्याकडे, उताराकडे, किंवा उजेडाकडे. उजेडाच्या मागे माझी मुलगी होती. आकड्यांनी आज धीर दिला नाही. त्यांनी फक्त भीतीला अचूक केले.

"बोला काहीतरी," मामा म्हणाला. "तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते."

"तू भिंतीवर बघायला सांगितलं होतंस."

"हे सोडून काहीही बोला."

बांधाचे वळण घेतले आणि समोर दूरवर दोन पांढरे ठिपके दिसले. ते ठिपके होते तोवर ठीक होते. मग ते फुटले. समोरची काच पांढरी झाली; पाणी गेले, रस्ता गेला, आमच्याच गाडीचे नाक गेले.

"मला काही दिसत नाही," मामा म्हणाला. "भाऊजी, मला काहीच दिसत नाही."

"थांबव! आहेस तिथे थांबव!"

पिकअप गचका देऊन थांबली. माझ्या बाजूच्या चाकाला कडेचा दगड घासला. मी दार ढकलून रस्त्यावर उतरलो, डोळे मिटले आणि दोन्ही हात वर करून त्या उजेडात उभा राहिलो. पापण्यांच्या आतही पांढरे होते. तिला आपण दिसत असणार, हे मला ठाऊक होते. चुकीच्या बाजूला का होईना, प्रकाश उत्तम होता.

टायरचा आवाज आला. मग दाराचा.

"बाबा? तुम्ही इथे काय करताय? आई बरी आहे ना?"

"दिवे बंद कर. आधी दिवे बंद कर."

काळोख झाला. मी तिच्या खांद्याला हात लावून पाहिला. मामा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि हसल्यासारखा आवाज काढत होता. मी तिला दोन वाक्यांत सगळे सांगितले. तिने मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिले. मग म्हणाली, "तरीच. एक मोटरसायकलवाला केवढा हॉर्न वाजवत गेला."

"कुठे?"

"आत्ता, बांधाच्या पलीकडच्या तोंडाशी. मी नंतर आरशात बघितलं. त्याचा लाल दिवा दिसला नाही. वळला असेल."

बांधावरून कुठे वळायला दुसरा रस्ताच नाही. हे आम्हा तिघांनाही एकाच वेळी आठवले असावे, कारण तिघेही एकदम पिकअपकडे वळलो. मागचा दिवा न दिसण्याची कारणे अनेक असू शकतात: बल्ब गेलेला, तार तुटलेली, चिखल. मी ती सगळी मनात म्हटली. पिकअपमध्ये बसून होईपर्यंत म्हणत राहिलो.

मामाने गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. पिवळ्या उजेडात प्रथम एक सुताराची पेन्सिल दिसली. मग मोजपट्टी. पत्र्याची पिवळी पट्टी रस्त्यावर सरळ उलगडत गेली होती, आणि तिचे दुसरे टोक दोन दगडांच्या मधून उताराकडे उतरले होते. मी वाकून आकडे वाचले. का वाचले, मला सांगता येणार नाही. पाच मीटरची होती. ती संपत होती तिथून खाली काळोख होता.

"कुणी आहे का?" मुलगी ओरडली.

काहीच नाही. मग झुडपातून, अगदी घरगुती आवाजात, "आहे की. इथे खाली."

मोटरसायकल तळाशी आडवी पडली होती. तो मध्येच एका बोरीच्या जाळीत अडकला होता. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काच तडकलेली, एक हात विचित्र कोनात. मुलगी माझ्याआधी खाली उतरली, त्याच्यापाशी बसली, मनगट धरून नाडी मोजू लागली. मामा वर रुग्णवाहिकेला फोन करत होता.

"पाठ दुखते का? बोटं हलवा पायाची," ती म्हणाली. "हललीत. छान. हात मोडलाय, काका. हलू नका."

"मोडू दे," तो म्हणाला. "तेवढं आमच्या घरी सांगू नका, चष्म्याचं. बायको सहा महिने मागे लागलीय, नंबर वाढलाय, नवा करा, संध्याकाळी चालवू नका. मीच टाळाटाळ केली. समोरून गाडी आली आणि बघता बघता सगळं पांढरं. डोळेच गेले माझे, दुसरं काय."

त्याचे डोळे अजून अर्धवट मिटलेले होते. आम्ही कोण, कुठून आलो, हे त्याने विचारलेच नव्हते. मुलीने मनगटावरची बोटे तशीच ठेवून माझ्याकडे पाहिले. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी तिने पाहिले हे मला कळले. तिची नोकरी, तिचा परवाना, माझी प्रयोगशाळा. गप्प राहिलो तर काय काय वाचते, हे मी एका श्वासात मोजले. मोजण्याची सवय जात नाही.

"तुमचा नंबर वाढलेला नाही," मी म्हणालो. "डोळे ठीक आहेत तुमचे. ती गाडी हिची. दिवे मी बसवले होते, आणि उलटे बसवले."

तळाशी मोटरसायकलचे तापलेले इंजिन अजून निवत होते. त्याचा टिक-टिक आवाज मी मोजू लागलो होतो, तो थांबला.

"उलटे म्हणजे?" सुताराने विचारले.

मी त्याच्याजवळ मातीत बसलो आणि सांगायला सुरुवात केली.