वर काय, खाली काय

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे आणि मी रागावलो आहे. जुन्या वस्तू आपली हकिगत सांगायला बसल्या की आधी उसासे टाकतात. मला उसासे टाकायचे नाहीत. माझ्या अंगावर कातर चालली आहे, आणि माझ्यापेक्षा वाईट एका बाईचे झाले आहे. ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माण तालुक्यात, दहिवडीच्या रस्त्यापासून थोडी आत, एक वाडी आहे. तिथे पत्र्याच्या छपराचे लहानसे चर्च आहे. त्या चर्चचे मी पवित्र शास्त्र. काळ्या चामड्याची बांधणी, कडेला कधीकाळचा सोनेरी रंग, आणि वजन इतके की उचलायला दोन्ही हात लागावेत. माझ्या पोटात सहासष्ट पुस्तके आहेत. त्यांत गाणी आहेत, भांडणे आहेत, राजांच्या कागाळ्या आहेत, विलाप आहेत, कोड आलेल्या माणसाने काय करावे याचे नियम आहेत, आणि कोणाचा मुलगा कोण याच्या लांबच लांब याद्याही आहेत. याद्या कंटाळवाण्या आहेत, मान्य. पण हे सगळे मिळून मी आहे.

माझा जन्म मुंबईच्या छापखान्यात झाला. रेल्वेने रहिमतपूरला आलो आणि तिथून बैलगाडीने वाडीत. तेव्हा इथल्या शाळेत शांतवन मास्तर होते. ते रोज संध्याकाळी माझा एक अध्याय वाचत. पहिल्या पानापासून सुरुवात केली, ते शेवटच्या पानापर्यंत पोचायला सव्वातीन वर्षे लागली. मग पुन्हा पहिले पान. मधली रटाळ पानेही त्यांनी कधी गाळली नाहीत. मुले पेंगत, बायका तांदूळ निवडत ऐकत, पण ऐकत. एखाद्या हुशार पोराने एकच गोड ओळ पाठ म्हणून दाखवली की मास्तर विचारत, "व्हय, पर वर काय हाय? खाली काय हाय?" ते सांगता आले नाही तर शाबासकी नाही. त्या पोरांत हरिबा नावाचा एक होता. तो माझ्याच पानांवर बोट ठेवून वाचायला शिकला. ते माझे चांगले दिवस. लोक हात धुऊन मला शिवत असत.

मास्तर गेले. शाळा सरकारी झाली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा साताऱ्याहून येऊ लागले आणि बाकीच्या रविवारची उपासना चर्चचे पंच जयराज चालवू लागले. जयराज वाईट माणूस नाही, हे मला दात-ओठ खात का होईना पण सांगावे लागते. आवाज खणखणीत, पेटी चांगली वाजवतो, कोणाच्याही मयतीला आधी धावतो. पण त्याला लोकांचे चेहरे पडलेले बघवत नाहीत. हीच त्याची खोड. सोप्या मराठीतला, चेन लावलेला नवा ग्रंथ आला, तशी माझी रवानगी बाजूच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत झाली. तिथे मी, फाटक्या सतरंज्या आणि नाताळचा कागदी तारा. हरिबा आता म्हातारा झाला होता. घंटा वाजवणे आणि झाडलोट त्याच्याकडे होती. तो झाडता झाडता ट्रंकेशी बोले, म्हणून वाडीतले मला सगळे कळे.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. पहिल्या जानेवारीच्या सकाळी उपासना झाली की मंडळीत एक डबा फिरतो. त्यात चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर माझ्यातली एक ओळ. डोळे मिटून एक काढायची. ते आपले वर्षाचे वचन. रीत म्हणून गोड आहे. ओळ वाचून माणूस माझ्याकडे वळला तर फारच छान. पण वळतो कोण?

गेल्या वर्षी सांगलीहून एसटीने यायचे चिठ्ठ्यांचे पाकीट आलेच नाही. लोक हिरमुसतील म्हणून जयराज कासावीस झाला. आदल्या दिवशी दुपारी त्याने ट्रंक उघडली, मला मांडीवर घेतले आणि बायकोची कापड बेतायची कातर काढली.

मित्रांनो, त्याने काय कापले ते ऐका. 'मी तुझ्याबरोबर आहे' कापले. 'तुझी भरभराट होईल' कापले. 'भिऊ नको' तर सापडेल तिथून कापले. रडणारी ओळ एकही घेतली नाही. गरिबाला नाडू नका, खोटी वजने वापरू नका, असे मी शंभर ठिकाणी ओरडलो आहे. तिकडे कातर फिरकली नाही. ईयोबाचे पुस्तक तर त्याने नुसते चाळले आणि पुढे गेला. बरोबरच आहे, राखेत बसून अंग खाजवणाऱ्या माणसाचे वचन वर्षभरासाठी कोण घेईल? आणि कागदाला दोन बाजू असतात हेही तो विसरला. प्रत्येक गोड ओळीबरोबर मागच्या पानावरचे काहीतरी अर्धवट तुटून गेले. तासाभरात माझी चाळण झाली.

स्वतःसाठी त्याने आधीच एक ओळ बाजूला ठेवली. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडही लागणार नाही, अशी. ती त्याने आपल्या जीपच्या काचेवर चिकटवली. नेमके हेच शब्द माझ्यात आणखी एका ठिकाणी आहेत. तिथे ते सैतान म्हणतो, येशूला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला लावण्यासाठी! आणि येशू उत्तर देतो की शास्त्रात असेही लिहिले आहे, देवाची परीक्षा पाहू नकोस. एक ओळ सैतानालाही पाठ असते, मित्रांनो. 'असेही लिहिले आहे' म्हणायला मात्र सगळा ग्रंथ माहीत लागतो. पण जयराजच्या काचेवर पुढचे मावले नसावे.

दुसऱ्या दिवशी डबा फिरला. हरिबाची सून दीपमाला हिनेही चिठ्ठी काढली. दीपमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिचा नवरा धनाजी मुंबईला एका गोदामात कामाला आहे. सहा वर्षांपासून तिला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी पोटात इन्शुलिनची सुई. घरी फ्रीज नाही, म्हणून औषधाची बाटली ती ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवी. तिच्या चिठ्ठीवर होते: तुझी विनवणी माझ्या कानी आली, तुझ्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले, मी तुला बरे करीन.

ती तिथेच रडू लागली. जयराज तिच्याजवळ आला. तो म्हणाला, "दीपमाला, देव तुझ्याशी बोलला. आता सुई कशाला? वचन हातात असताना सुई टोचून घेणं म्हंजे अविश्वास हाय."

पुढच्या रविवारी त्याने तिला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उभे केले. तिने सगळ्यांसमोर सांगितले की मी औषध सोडले. लोकांनी हल्लेलूया म्हटले. आमच्यात हेच अवघड आहे. एकदा उभे राहून साक्ष दिली की माघार घेणे म्हणजे देवाला खोटे पाडल्यासारखे वाटते. चिठ्ठी तिने मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागच्या बाजूने ठेवली, आणि मडक्यातली बाटली तशीच पडून राहिली.

फेब्रुवारीत सरपणातला बाभळीचा काटा तिच्या पायात शिरला. साखरेने पाय बधिर झालेला, तिला कळलेच नाही. जखम चिघळली. वाडीची आरोग्यसेविका, आशाताई समीना, मलमपट्टीची पिशवी घेऊन दारात आली.

"दीपमालावैनी, पाय दाखवा. मी कुणाला सांगत न्हाई."

"नको गं समीना. पट्टी बांधली तर लोक म्हणतील हिचा इस्वास गेला."

"लोकांच्या पायाला जखम न्हाई, वैनी."

तरीही दीपमालाने दार लोटले. हे हरिबा मला झाडू हातात धरून सांगत होता. घरात वास येतो म्हणाला. मी ट्रंकेत पडून होतो. तिच्या उत्तराचे पान माझ्या पोटात होते आणि मला तोंड नव्हते. मित्रांनो, त्या दिवसासारखी चीड मला आयुष्यात कधी आली नाही.

त्याच दुपारी हरिबाने सुनेचा मोबाईल हातात घेतला. मुंबईला लेकाला फोन लावायचा होता. कव्हरमागची चिठ्ठी त्याला दिसली आणि तो थबकला. अक्षरे जुन्या वळणाची. कागद पिवळा. त्याने ती बाहेर काढून उलटी केली. सांगलीच्या चिठ्ठ्या मागून कोऱ्या असतात. हिच्या पाठीवरही छापलेले होते, अर्धवट.

तो तडक चर्चमध्ये आला. त्याने ट्रंक उघडली, मला बाहेर काढले आणि उघडले. माझी दशा पाहून त्याच्या तोंडून जी शिवी निघाली ती चर्चमध्ये शोभणारी नव्हती, पण मला बरे वाटले. मग तो जमिनीवर बसला आणि हातातला तुकडा एकेका भोकावर ठेवून पाहू लागला. जुळेना. पुढचे पान. तेही जुळेना. ऊन दारातून भिंतीपर्यंत सरकले. शेवटी राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात तुकडा चपखल बसला.

म्हाताऱ्याने बोट ठेवले. तो स्वतःशीच म्हणाला, "हां. वर काय हाय?" वर हिज्कीया राजा मरणाच्या दारात पडलेला, भिंतीकडे तोंड करून रडणारा. "खाली काय हाय?" बोट एक ओळ खाली आले, मग आणखी एक. आणि मग तो एवढ्याने ओरडला की पत्र्यावरची कबुतरे उडाली.

"आरं, अंजीर!"

होय, अंजीर! ज्या देवाने 'मी तुला बरे करीन' म्हटले, त्याच्याच संदेष्ट्याने लगेच सांगितले की अंजिरांचे पोटीस, म्हणजे लेप, करा. ते राजाच्या गळवावर बांधले आणि राजा बरा झाला. वचनाच्या खाली, दोन बोटे अंतरावर, औषध! कातर तेवढी खाली गेली असती तर ते चिठ्ठीत आले असते.

हरिबाने मला टॉवेलात गुंडाळून घरी नेले. सुनेच्या अंथरुणाशी बसून त्याने सबंध अध्याय अडखळत वाचला. दीपमालाने सारे ऐकले. मग विचारले, "मामंजी, राजानं पोटीस बांधून घेतलं, तवा देव रागावला न्हाई?"

"देवानंच धाडलं हुतं की गं पोटीस."

तिने पायावरचे पांघरूण बाजूला केले. मग म्हणाली, "समीनाला हाक मारा."

समीनाने गाडी केली. दहिवडीच्या डॉक्टरांनी पाय पाहून पुढे पाठवले. सांगलीला विश्रामबागेत धनाजीची बहीण राहते, म्हणून तिथल्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आला असता तर पाय वाचला असता. घोट्याच्या वरून काढावा लागला. जीव वाचला.

त्यानंतरच्या रविवारी हरिबाने घंटा वाजवली आणि मला नेऊन टेबलावर, चेनवाल्या ग्रंथाच्या वर, उघडे ठेवले. माझ्या भोकांतून खालचे टेबल दिसत होते. जयराजचा चेहरा पांढरा पडला.

"आबा, मी लोकांच्या समाधानासाठी केलं," तो म्हणाला. "पर तुमी देवाच्या वचनावर शंका घेताय व्हय?"

हरिबा म्हणाला, "वचनावर न्हाई, जयराजराव. तुमच्या कातरीवर."

माझ्या जन्मात माझ्या बाजूने इतके नेमके कोणी बोलले नव्हते. जयराजने पेटी बंद केली. त्या दिवशी गायन झाले नाही.

मे महिन्यात दीपमाला कुबड्या घेऊन चर्चला आली. लोकांनी तिला पुढे बसवले. साक्षेची वेळ आली तशी ती स्वतःहून उठली. तिने मला मागून घेतले आणि विसावा अध्याय वाचला, वरपासून खालपर्यंत, भोकातली ओळ मोबाईलमागच्या चिठ्ठीवरून. मग तिने चिठ्ठी जयराजपुढे धरली.

"घ्या, पंच. जिथनं काढली तिथं लावा. मी हितंच उभी ऱ्हाते."

जयराजने घरून कणकेची खळ आणवली. तो चिकटवेपर्यंत ती कुबड्यांवर उभी राहिली. तुकडा जरा तिरका बसला. त्यानंतर जयराज बाहेर गेला आणि जीपच्या काचेवरची ती ओळ नखाने खरवडून घेऊन आला. तीही त्याने माझ्यात लावली. आता तो रोज संध्याकाळी माझा एक अध्याय वाचतो, पहिल्या पानापासून. जिथे भोक येते तिथे थांबतो. मी अजून त्याला क्षमा केलेली नाही. करायला हवी, हे माझ्यातच लिहिले आहे, आणि तेही गाळता येत नाही, म्हणून प्रयत्न करतो आहे.

बरेच तुकडे अजून परत आलेले नाहीत. कोणाच्या पाकिटात आहेत, कोणाच्या देवळीत, कोणी फ्रेम करून भिंतीवर लावले आहेत. मित्रांनो, तुमच्यापाशी माझी एखादी ओळ असेल, पाठ असो की खिशात, तर तिच्या भरवशावर दुसऱ्याला काही सोडायला सांगण्याआधी माझ्याकडे या. वर काय आहे ते वाचा. खाली काय आहे ते वाचा. सव्वातीन वर्षे लागली तर लागू देत.

मला खळ लावून जोडता येते. दीपमालाचा पाय जोडता येत नाही.