बाहीत लपलेले हात

आमच्या गावात एकच थिएटर, आणि त्यात तो सिनेमा महिनाभर हलला नाही. सिनेमात एक गप्प मुलगी असते. शाळा तिला छळते, आणि जो तिला हसतो त्याचा आवाज जातो. लगेच नाही हं. आधी घसा खवखवतो, मग आवाज घोगरा होतो, मग पार बंद. बराच वेळ तर काहीच घडत नाही, ती फक्त पाणी पिते आणि बघते. मला तो भयंकर आवडला.

कारण आमच्या शाळेतली ती मुलगी म्हणजे मी, मार्लिस हौगेन. डॅडी टर्की पाळतात, आणि कितीही साबण लावला तरी मला टर्कीचा वास येतो असं वर्गातल्या ट्रूडीचं म्हणणं. मी वर्गात शिरले की ती गळ्यातून टर्कीसारखं "गॉबल गॉबल" काढायची आणि बाकीचे साथ द्यायचे.

त्याहून वाईट जिमचा तास. थंडी पडू लागली की कोच ब्रांट आम्हाला पालकांसमोरच्या कार्यक्रमासाठी चौकोनी नाच शिकवतात. चार जोड्या, रेकॉर्डवर फिडल, आणि कधी कुठे वळायचं ते सांगणाऱ्या माइकवरून कोचच्या हाका. जोडीदार सारखे बदलतात, म्हणजे प्रत्येक मुलाला माझा हात धरावाच लागतो. म्हणून माझी पाळी आली की मुलं स्वेटरची बाही खाली ओढून बोटं आत घ्यायची. मला एवढंच हवं होतं की पालकांसमोर नाचायच्या आधी एकाने तरी आपणहून, बाहीशिवाय माझा हात धरावा.

मग शुक्रवारी फुटबॉलची मोठी मॅच झाली. ट्रूडी चीअरलीडर, संध्याकाळभर नुसती किंचाळत होती. सोमवारी मला पाहून तिने तोंड उघडलं, तर आतून फक्त हवा आली.

जेवणाच्या सुट्टीत वर्गातला रँडी माझ्यासमोर येऊन बसला. तो आजवर माझ्या टेबलाकडे फिरकलासुद्धा नव्हता.

"तू काही केलंस का गं?"

"कशाचं?"

"तिच्या घशाचं."

"अरे, मॅचला किती ओरडली ती."

"तेच ना. सिनेमातपण आधी सगळ्यांना असंच काहीतरी कारण सापडतं."

मी सावकाश पाणी प्यायले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याने स्वतःचं पुडिंग माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. छान होतं.

त्या दिवशी जिममध्ये सगळ्यांचे हात उघडे. रँडी तर "थँक यू, मार्लिस" म्हणाला. पहिली फेरी मी तरंगतच होते. दुसऱ्या फेरीत लक्ष गेलं, सगळे हात बर्फासारखे गार, आणि तापलेली कढई धरावी तसे मला धरतायत. हेच हवं होतं का मला?

मग जोडीला आला वेंडल. बाही खाली.

मी थांबलेच. "तू सिनेमा नाही पाहिलास?"

"त्या वेळेला गायींचं दूध काढायचं असतं. का?"

"म्हणजे तुला माझी भीती नाही वाटत?"

"तुझी? कशाबद्दल?"

"मग बाही कशाला? वास येतो म्हणून?"

"मी गोठ्यातून येतो, मला कसला येतोय तुझा वास." त्याचे कान लाल झाले. "हातांना घाम येतो माझ्या. ट्रूडी म्हणाली होती, ओला बेडूक. तेव्हापासून सगळ्यांशीच बाही."

सगळ्यांशीच. आणि मी आजवर फक्त माझ्याच पाळीला बघत आले होते.

"हौगेन, चौकोन अडलाय," कोच माइकवरून म्हणाले.

"दाखव की तो बेडूक," मी हात पुढे केला.

वेंडलने जरा विचार केला आणि बाही कोपरापर्यंत सारली. हात खरंच चिंब होता. आणि गरम.

"ई," मी म्हणाले, पण सोडला नाही. वेंडलला हसू फुटलं, चांगलं मोठ्याने, माझ्या तोंडावर. शेजारचा रँडी पांढराफटक पडला. अख्खा चौकोन वेंडलच्या गळ्याकडे बघू लागला.

मी गप्प राहिले असते तर वर्षभर पुडिंग मिळालं असतं.

"बोल ना रे काहीतरी," मी म्हणाले. "यांना ऐकायचंय."

"काय बोलू?" त्याचा आवाज खणखणीत होता. "आता डावीकडे वळायचं की उजवीकडे?"

मला तरी कुठे माहीत होतं. आम्ही दोघं उजवीकडे वळलो आणि थेट रँडीवर जाऊन आदळलो.