भावाने काढून नेलेली डिस्क

बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी आईच्या लेखी घरात हुशार माणूस एकच, तो म्हणजे आमचं शेंडेफळ. मी आईजवळ राहते, तिची औषधं आणते, प्रिंटरमध्ये अडकलेले कागद उपसते. तो वर्षातून दोनदा उगवतो आणि राजासारखा राहून जातो. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

या खेपेला राजेसाहेबांनी आईच्या कॉम्प्युटरला स्वतःची डिस्क जोडली आणि तिच्यावर दुसरी सिस्टिम घातली. "आई, बघ किती भराभर उघडतंय!" आई बघत होती, पण स्क्रीनकडे नाही, त्याच्याकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच कॉम्प्युटरची मेमरी मी वाढवली होती, तेव्हा "झालं का? मग जेवून घे" एवढंच ऐकलं होतं.

निघताना त्याने डिस्क काढून बॅगेत टाकली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाला हाक मारली. जाऊन बघते तर कॉम्प्युटरवर काळा पडदा, वर इंग्रजीतली एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ. आईने बनवलेले विणकामाचे सगळे नमुने आत अडकलेले, आणि लोकरीच्या दुकानाला तर नवा नमुना या आठवड्यातच हवा होता.

मला बघताक्षणी कळलं. नवी सिस्टिम त्याच्या डिस्कवर होती, पण सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची हे ठरवणारा छोटा प्रोग्राम त्याने नकळत आईच्या आतल्या डिस्कवर बसवला होता. आता भावाने नेलेली डिस्क तो प्रोग्राम शोधत बसला होता. अशी चूक नवशिके करतात. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बघ तुझ्या लाडक्याचे प्रताप," मी खुर्ची ओढत म्हटलं. "जुनी सिस्टिम पहिल्या नंबरावर आणली की झालं. चहा उकळेपर्यंत चालू करून देते."

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि सेटिंग उघडलं. जुन्या सिस्टिमचं नाव दुसऱ्या नंबरावर होतं. ते वर सरकवणार, तोच आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, एका मिनिटाचं काम आहे!"

"माहितीये. तुला येतं गं सगळं. पण मी त्याला फोन केलाय. रविवारी येतो म्हणालाय दुरुस्त करायला."

"आणि दुकानाचा नमुना?"

"उशीर होईल म्हणून कळवलं त्यांना."

अंगात ताप असतानाही नमुना वेळेवर देणारी ही बाई!

"मी घरात असताना तो एवढ्या लांबून येणार? याच्यासाठी?"

"तू केलंस तर कशाला येईल तो?" आई म्हणाली. मग माझं मनगट सोडून जरा हसली. "तेवढी त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकशील का?"

काय सांगू, इतका हेवा मला त्याच्या हुशारीचाही कधी वाटला नव्हता. मी कॉम्प्युटर होता तसा बंद केला. गादी बाहेर नेऊन टाकली आणि तिला गरजेपेक्षा जास्त धपाटे घातले. मी रोज समोर असते. माझ्यासाठी आईने कधी काही बिघडलेलं राखून ठेवलं नव्हतं.