गावाकडे तोंड केलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि मी रागावले आहे.

तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या पुढे हायवे सोडला की एक तिठा लागतो. एक फाटा गावाला जातो, दुसरा गिट्टीच्या खदानीला. मधोमध मी उभी. इचोड्याच्या पेंटरने माझ्यावर गावाचे नाव लिहिले, त्याखाली इंग्रजीत ‘लेफ्ट’ आणि एक बाण. उच्चाराला हा शब्द लहान, पण अवघड. ओठांची फुंकर संपते न संपते तोच जीभ टाळूला लागायला हवी. गावातले उद्धवराव ‘लेफ’ म्हणत, त्यांचा मुलगा लखन ‘लेप्ट’. मला सगळे चालत असे. मोबाइलच्या गटातून कुणी रुसून गेले तरी ‘लेफ्ट’, ताटात उरले तेही ‘लेफ्ट’. माझा अर्थ मात्र एकच: डावा हात. आणि तोही माझा नव्हे, वाटसरूचा.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाया मला बघून गात:

तिठ्यावं उभी पाटी, तिनं दाविला डावा हात
डाव्या हाताच्या वाटंनं, बंधू येतो माझा दारात

पाहुणे यायचे, भाऊ यायचे, कुणी चुकायचे नाही.

मग एका हंगामात कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टरने मला आडवे केले. गावकऱ्यांनी मला उचलले, खड्डा खणला. तेवढ्यात उद्धवराव म्हणाले, “पाटी आपल्या गावाची हाय. गावाकडं पाठ करून काऊन उभी राह्यील? देवाचं तोंड गावाकडं असते, हिचंबी करा.”

“पण बाबा, येणाऱ्याला दिसन कशी?” लखनने विचारले.

“तू लय शिकला. धर खांब.”

आणि मला फिरवले. माझा बाण खदानीच्या वाटेकडे वळला. मला तोंड होते, पण ओरडता येत नव्हते.

भर दुपारी लखनच्या बायकोला, भाग्यलक्ष्मीला, कापसात हाताला साप चावला. घाबरलेल्या लखनने अँब्युलन्सला फोन केला आणि जुन्या सवयीने सांगितले, “तिठ्यावर पाटी हाय. तिच्यावर लिवल्यासारखं या.” अँब्युलन्स आली. ड्रायव्हर परका, तेलुगू बोलणारा. माझी पाठ दिसली म्हणून बिचारा खाली उतरला, वळसा घालून समोर आला, बाण पाहिला आणि भरधाव खदानीकडे गेला. धुरळा बसला तरी परतला नाही.

उपचाराला उशीर झाला, तरी भाग्यलक्ष्मी वाचली. उजव्या हाताची बोटे मात्र गेली. गावात सगळ्यांत झरझर वेचणारा हात होता तो.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी, तिच्या सासूने, मला चप्पल फेकून मारली. “रांडे, खोटं सांगते?” मी खोटे सांगितले नव्हते, मित्रांनो. मला खोटे उभे केले होते.

पुढे ठरले, पाटीचा कोप झाला. उद्धवरावांनी नारळ फोडला, माझ्या अक्षरांवर हळदीकुंकू फासले. हात बांधलेली भाग्यलक्ष्मी बाजूला उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, “मामाजी, पूजा कायले करून राह्यले? फिरवा ना तिले.”

“शुभ काम चालू हाय, मधात बोलू नको,” उद्धवराव म्हणाले.

मी अजून तशीच उभी आहे, कुंकवाने माखलेली. उद्या आणखी कुणी परका जीव वाचवायला धावत येईल. मित्रांनो, मला हात जोडू नका. चौघे या, खांब धरा आणि मला फिरवा.