नंदाचे चार दिवस

पूर्वाचं पत्र दोन हजार सहाच्या जानेवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. दिवसभर हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्या मुलीने शनिवार पेठेतल्या मामाला अंतर्देशीय पत्र पाठवावं, याचं पोस्टमनलाही नवल वाटलं असेल. पण फोनवर मला बोलता येत नाही आणि समोरासमोर तर त्याहून नाही, हे माझ्या भाचीला ठाऊक आहे. आयुष्यभर वाचनालयात नोकरी केलेल्या माणसाशी कागदावरच बोलावं लागतं.

तिने सरळ लिहिलं होतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली? आणि सत्ताविसाव्या वर्षी पूर्वाने पहिल्यांदा खोटी तारीख सांगितली नाही. तिला पाळी कधी आलीच नव्हती. मग पुढच्या तपासण्या झाल्या. गर्भाशय नाही. गुणसूत्रं पुरुषांची असतात तशी, एक एक्स आणि एक वाय. पोटात बीजांडांच्या जागी वृषणाच्या ग्रंथी. त्या ग्रंथींचं पुरुषी हार्मोन तिच्या शरीराला कळतच नाही, म्हणून शरीर मुलीचंच घडत गेलं.

'डॉक्टर म्हणाल्या, तू बाईच आहेस, त्यात शंका घेऊ नकोस. हे जन्मतः असतं आणि बहुतेक वेळा आईकडून येतं. ग्रंथी काढायच्या की ठेवायच्या हे आता ठरवायचंय. आईच्या घराण्यात कुणाला पाळी न येणं, मूल न होणं, पोटात गाठ, असं काही होतं का ते विचारून ये म्हणाल्या. आई म्हणते, आमच्याकडे असलं काही नव्हतं, नंदाला अगदी वेळेवर पाळी यायची. पण नंदामावशी पोटाच्या गाठीनेच गेली ना, मामा? तिला खरंच पाळी यायची का?'

उत्तर एका शब्दाचं होतं. मी 'चि. पूर्वा, अनेक आशीर्वाद' इथपर्यंत कितीदा तरी आलो. मामाने भाचीला पुढे ते कोणत्या शब्दांत लिहायचं, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. शिवाय मी काही डॉक्टर नव्हे. आठवण चुकीची असली तर? पोरीचं पोट माझ्या भरवशावर कापलं जायचं.

खरं तर आठवण चुकीची नव्हती.

नंदा माझ्या पाठची, शरयू सगळ्यांत धाकटी. शरयू म्हणजे पूर्वाची आई. नंदा सोळा वर्षांची झाली तरी तिला न्हाण आलं नव्हतं. शेजारच्या वेणूबाई नळावर भेटल्या की आईला विचारायच्या, "काय हो, पोरगी अजून लहानच वाटतं तुमची?" एका सकाळी आईने नंदाला मागच्या दाराशी घोंगडीवर बसवलं. वेगळा तांब्या, वेगळी ताटली. वेणूबाईंना पेढे पाठवले. तेव्हापासून दर महिन्याला चार दिवस नंदा बाजूला बसायची. आई कोऱ्या चिंध्या धुऊन ओल्या साडीखाली वाळत घालायची, कडा दिसेल इतपत. शरयू आठ-नऊ वर्षांची. तिला नंदाला शिवायची बंदी होती, त्यामुळे जे दाखवलं गेलं तेच तिने पाहिलं.

मला खुद्द नंदाने सांगितलं. त्या चार दिवसांत मी तिला पुस्तकं आणून द्यायचो आणि लांबूनच सरकवायचो.

"अरे, हातात दे की. मला काही झालेलं नाही. हे मात्र जाड आहे. पुढच्या महिन्यात मला आठ दिवस बसवा म्हणून आईला सांग."

तिला लोणी काळभोरला दिली. वर्षाच्या आत सासऱ्याने आणून सोडली. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "बाई म्हनून दिली व्हती न्हवं तुमी? ठेवा आता तुमच्याच घरात," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आईने नंदाला पुन्हा घोंगडीवर बसवलं. आई वारल्यावर नंदाने घोंगडी गुंडाळून ठेवली, तेव्हा वेणूबाई हळहळल्या, "लवकरच गेली हो हिची."

अठ्ठ्याऐंशी साली तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशननंतर सर्जनने मला एकट्याला बाहेर बोलावलं. "यांना गर्भाशय नाही. माहीत होतं?" मी नकारार्थी मान हलवली. "गाठ आतल्या ग्रंथीची आहे. तरुणपणीच काढून टाकता आली असती. कुणाला दाखवलं का नाही?" या प्रश्नाला मान कशी हलवायची ते मला समजलं नाही. महिन्याभरात नंदा गेली. मी सगळ्यांना 'पोटाची गाठ' म्हणून सांगितलं.

मे महिन्यात शरयू आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "दादा, पूर्वाने तुला पत्र लिहिलंय म्हणे."

"हो."

"मग लिहून टाक ना, नंदाला सगळं व्यवस्थित होतं म्हणून. ती ऑपरेशनचं खूळ घेऊन बसलीय. इकडे न्यू जर्सीचं स्थळ आलंय. आधी लग्न होऊ दे, मग काय काढायचं ते काढ म्हणावं."

"त्या लोकांना सांगितलंस?"

"काय सांगू? पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला काय कळणार, स्थळं कशी मोडतात ते! तुझं स्वतःचं तरी जमलं का?"

"पूर्वा काय म्हणते?"

"तिला काय कळतंय! कंपनीची बस न्यायला येते म्हणून अक्कल येत नाही. आणि हे आलंय तिच्या बापाकडून. चांगलं सुनावलं मी त्यांना. माझ्या बहिणीला मी या डोळ्यांनी बाजूला बसलेली पाहिलंय म्हटलं."

मी चष्मा काढून पुसला. चष्मा नसला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि बोलणं थोडं सोपं जातं.

"नंदा बसायची. तिला येत काही नव्हतं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"आई बसवायची. वेणूबाईंसाठी. सर्जनने मला सांगितलं, गर्भाशय नव्हतंच. आणि गाठ तसल्याच ग्रंथीची होती, पूर्वाच्या पोटात आहेत तसल्या."

शरयू खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "मी एकदा चुकून शिवले होते तिला. आईने मला कपड्यांसकट नळाखाली धरलं. थंडीचे दिवस होते. ते कशाला मग?"

"वेणूबाई नळावर होत्या."

"म्हणजे आईकडून माझ्यात. माझ्याकडून पूर्वात."

"कुणी मुद्दाम दिलेलं नाही, शरयू. तसं येतं ते."

"हे वाचलंस वाटतं कुठे?"

"हो."

"मग चार महिने काय पाठ करत होतास?"

ती उठली. दाराशी चपला घालताना म्हणाली, "लिहू नकोस. मी सांगेन तिला सवडीने."

"कधी?"

"लग्नानंतर."

"नंदाचंही लग्नानंतरच कळलं, लोणीच्या लोकांना."

"कुत्सित बोलायला बरी वाचा फुटते तुला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. नंदाला पाळी कधीच आली नाही, हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. मग घोंगडीचं, चिंध्यांचं, सर्जनच्या शब्दांचं लिहिलं. नंदा पंचेचाळिसाव्या वर्षी त्या ग्रंथीच्या गाठीने गेली हे लिहून त्याखाली रेघ मारली, आणि हे पान डॉक्टरबाईंना दाखव, म्हणून लिहिलं. स्थळाच्या लोकांना काय आणि कधी सांगायचं ते फक्त तू ठरव, असंही लिहिलं. 'आईला दोष देऊ नकोस' हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. ते पूर्वाने माझ्या सांगण्यावरून का ऐकावं?

आता शरयू माझ्या दारात येणार नाही. तिच्याशिवाय इथे कुणी येत नाही. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी उभा राहिलो तेव्हा हे मला माहीत होतं. पेटीचं तोंड गंजलं होतं आणि पाकीट जाड झालं होतं. मी ते बोटांनी आत ढकललं आणि खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबलो.