डावा हात

नाटकमंडळीत त्यांना तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे तोफ. "चहा घेणार?" एवढं साधं वाक्यसुद्धा ते शेवटच्या रांगेतल्या ठार बहिऱ्याला विचारल्यासारखं म्हणत, आणि म्हणताना डावा हात असा काही फेकत की शेजारचा नट आपोआप एक पाऊल मागे सरे. त्यांची बायको विंगेत संहिता घेऊन बसायची आणि नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. ती सगळ्यांची वहिनी.

डाव्या हाताचं गुपित फक्त या दोघांना ठाऊक होतं. वाक्य आठवेना की काकांचा हात विंगेकडे जायचा, वहिनी पुटपुटायच्या आणि तोफ धडाडायची. प्रेक्षकांना वाटे, काय हा आचरटपणा! लग्न झालं तेव्हापासून हे असंच बिनबोभाट चाललं होतं. पूर्वी हात क्वचित उठायचा. हल्ली मात्र तो खाली यायचं नाव घेत नव्हता.

नव्या दिग्दर्शिकेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तालमीत तिने कपाळावर हात मारून घेतला. "काका, इंग्रजीत असा अतिअभिनय करणाऱ्या नटाला हॅम म्हणतात, ठाऊक आहे?"

"हॅम तर समोरच्या कॅफेत पावात घालून देतात," वहिनी घाईने म्हणाल्या. विषय बदलला तर बरा, एवढाच त्यांचा हेतू होता.

"आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर हॅम रेडिओ घेऊन बसतात," काकांनी पट्टी वाढवली. "सकाळपासून एकच धोशा, 'ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?' मीही तेच करतो. झालो हॅम, बिघडलं कुठे?"

सगळे हसले. दिग्दर्शिकाही हसली, पण हट्ट सोडेना. "शेवटच्या प्रवेशात दोन्ही हात कोटाच्या खिशात. हात बाहेर आला तर पुढच्या नाटकात काका नाहीत. प्रेमाने सांगतेय हं."

वहिनींच्या मनात आलं, सांगून टाकावं का हिला? पण सांगितलं तर पुढचंच काय, हेही नाटक हातचं जाणार. आणि नाटक गेल्यावर हा माणूस घरात बसून काय करणार? गॅसवर दूध ठेवून विसरतात, त्यात काय, मीही विसरते, अशी त्या स्वतःची समजूत घालत होत्या. पण परवा काका स्वतःच्याच दारासमोर किल्ली धरून उभे राहिले होते, आणि त्यांचा डावा हात हळूच वर गेला होता. वहिनींनी मुकाट्याने कुलूप उघडलं आणि तो विषय काही काढला नाही.

पहिला प्रयोग दुपारचा होता. शेवटच्या प्रवेशात दुरावलेली मुलगी घरी परतते आणि बाप तिला भलंमोठं भाषण ऐकवतो. काका खिशात हात घालून उभे राहिले. मुलगी दारातून आत आली. "बाबा!"

काका गप्प.

"आलीस शेवटी," वहिनींनी विंगेतून वाक्य पुरवलं. काही नाही. त्यांनी पुन्हा पुरवलं, पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कोटाच्या खिशात हात नुसता चुळबुळत होता. अहो, काढा तो हात बाहेर, वहिनी मनातल्या मनात ओरडत होत्या, खड्ड्यात गेलं ते पुढचं नाटक!

काकांनी मुलीकडे निरखून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, घरीसुद्धा ते कधी इतकं हळू बोलत नसत, त्यांनी विचारलं, "तू कोण गं?"

संहितेत असलं वाक्य कुठेच नव्हतं. मुलीचं काम करणारी नटी गोरीमोरी झाली, पण पोरगी हुशार. "मीच आहे, बाबा," म्हणत तिने त्यांना मिठी मारली आणि ती खरोखरच रडायला लागली. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

दिग्दर्शिका डोळे पुसत मेकअपच्या खोलीत शिरली. "काका, इतके दिवस कुठे दडवून ठेवला होतात हा नट? भाषण बाद! उद्यापासून हेच ठेवायचं. कसं सुचलं तुम्हाला?"

आरशासमोर बसलेले काका तिच्याकडे पाहून हसले, हल्ली सगळ्यांकडे पाहून हसत तसे. मग त्यांचा डावा हात उठला आणि वहिनींच्या दिशेने गेला.

"झालं, आले मूळ पदावर!" दिग्दर्शिका खिदळली.

वहिनींच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'आतून आलं', एवढं पुरे होतं. पुढचं नाटक, काकांचा मान, सगळं राहिलं असतं. फक्त रोज आपण विंगेत बसून ते "तू कोण गं?" ऐकायचं, आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवायच्या. ते काही त्यांच्याने होणार नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि एकटीने घाबरून घाबरून त्या थकल्या होत्या.

त्या काकांच्या कानाशी वाकल्या आणि पुटपुटल्या.

बायकोने दिलेलं वाक्य काकांनी आजवर कधी वाया जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "मला हल्ली काही आठवेनासं झालंय!" खोली दणाणली.

दिग्दर्शिका अजून हसतच होती. काकांचा हात मात्र हवेतच राहिला. स्वतःचं वाक्य त्यांना आता कुठे ऐकू आलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, कुणी न पुरवता.

दिग्दर्शिका हसायची थांबली. वहिनींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून खाली आणला.